हरिपूरचं पेव १० बाय १० फुटांत कसं मांडावं?

कृष्णाकाठची — १८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीत शेती आणि फुलांचं एक प्रदर्शन भरतं. त्यात छोट्या बागांची स्पर्धा असते. प्रत्येक गटाला १० बाय १० फुटांचा तुकडा मिळतो. तीन बाजू मोकळ्या, मागे कापडी पडदा. मांडायला दोन दिवस, प्रदर्शन तीन दिवस. मैदान खणायला परवानगी नाही. यंदाचा विषय आहे 'आपली माती, आपलं पीक'.

गेल्या वर्षी आम्ही चौघींनी 'नदीकाठ' केला होता. घाट, गणपतीचं देऊळ, थर्माकोलचा आयर्विन पूल, खाली निळ्या प्लास्टिकवर पाणी, कारंजं आणि हाताला लागली ती सगळी रोपं. मोजली तर बेचाळीस प्रकार भरले. परीक्षक आले, एक चक्कर मारली, आणि त्यातल्या एका बाईंनी मला अगदी साधेपणानं विचारलं, "यात मी आधी कुठं बघू?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कारंज्याचा पंप बंद पडला आणि दुपारपर्यंत पिटुनियांनी माना टाकल्या. बक्षीस गेलं त्याचं काही नाही, पण तो प्रश्न वर्षभर डोक्यात आहे.

यंदा मला हळदीचं पेव करायचं आहे, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. माझी मावशी सांगलीजवळच्या हरिपूरची. मी सातवी-आठवीत असताना तिच्या शेजारच्या वाड्यात पेव उघडताना पाहिलं होतं. वरची माती ओढली, दगड सरकवला आणि सगळे मागे सरले. मला वाटलं आता आत काहीतरी दिसेल. दिसला तो नुसता काळोख. मग त्या काळोखातून वास वर आला. उबदार, दमट नव्हे तर कोरडा, हळदीचा आणि मातीचा एकमेकांत मुरलेला. तसा वास पुन्हा कुठं आला नाही. मार्केट यार्डात हळदीची पोती असतात, पण तो वास वेगळा.

योजना अशी आहे: मध्यभागी चार फूट उंचीचं पेवाचं मॉडेल, उभं अर्धं कापलेलं, म्हणजे आतली हळद दिसेल. शेजारी बैलगाडी, हमालांच्या बाहुल्या, मागे वाड्याची भिंत, भोवती हळदीची रोपं.

अडचण ही की जानेवारीत हळदीचा पाला वाळून गेलेला असतो. मैत्रिणी म्हणतात, कर्दळ लावू, लांबून तशीच दिसते. ते मनाला पटत नाही. पण वाळका पाला घेऊन स्पर्धेत उभं राहायचं धाडसही होत नाही. काय करू?

रोपवाटिका_कराड — १८ नोव्हेंबर, रात्री १०.३५

ताई, कर्दळ लावू नका. सांगलीत हळदीचं पान न ओळखणारा माणूस शोधावा लागेल. लांबून फसला तरी जवळ आल्यावर त्याचं मन उतरतं, आणि एकदा उतरलं की बाकीचं कितीही खरं असलं तरी तो संशयानं बघतो.

पिटुनिया माना का टाकतात ते सांगतो, कारण हे दर प्रदर्शनात होतं. रोपं शेडनेटखाली वाढलेली असतात. टेम्पोतून काढून एकदम उघड्या मैदानात ठेवली की पान जेवढं पाणी सोडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही. त्यात लोक कुंडीतून रोप काढून मातीत लावतात, म्हणजे मुळंही दुखावतात. तीन दिवसांच्या प्रदर्शनासाठी रोप कुंडीतून कधीच काढायचं नाही. कुंडीसकट पुरायचं, काठ मातीनं झाकायचा. शेवटचे दहा-बारा दिवस रोपं मैदानावर असेल तेवढ्याच उन्हात ठेवा. पाणी रात्री द्या, भरपूर द्या. दुपारी मान पडली म्हणून वरून पाणी मारलं की पान तात्पुरतं ओलं होतं, तहान भागत नाही. आणि दर चार रोपांमागे एक जास्तीचं हाताशी ठेवा.

यवतेश्वरची_वाट — १९ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मी साताऱ्याची. मोठं लिहिणार आहे, कारण तुम्ही करायला निघालात तीच चूक मी करून बसले आहे.

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, अष्टकोनी, आत उतरायला जिना आणि वर मोटा चालायच्या त्या जागा. आमच्या गटानं एका स्पर्धेत त्या विहिरीचं तीन फूट रुंद मॉडेल केलं. महिनाभर राबलो. कोन बरोबर, पायऱ्या बरोबर, बैलसुद्धा मातीचे केले. लोक यायचे, "किती छान खेळणं केलंय" म्हणायचे आणि पुढे जायचे. भोवतीचा झेंडू त्या विहिरीच्या दुप्पट उंच. एका झेंडूच्या फुलात आमचा बैल झाकला जात होता.

मला वाटतं आपल्या सगळ्यांच्या हाताला दिवाळीच्या किल्ल्याची सवय आहे. लहानपणापासून आपण मोठी गोष्ट छोटी करतो, त्यावर अळीव पेरतो आणि मावळे उभे करतो. किल्ल्यात ते शोभतं, कारण तिथे सगळंच एका मापात छोटं असतं. बागेत झाड खऱ्या मापाचं असतं. बघणारा माणूस खऱ्या मापाचा असतो. मध्येच एक वस्तू दहापट लहान आली की ती बाग राहत नाही, टेबलावरची मांडणी होते.

पुढच्या वर्षी आम्ही अख्खी विहीर सोडून दिली. फक्त थारोळं केलं, जिथं मोट रिकामी होते ते. नात्यातल्या एका पडक्या विहिरीवरचा खरा दगड मागून आणला. दोर घासून घासून त्याला खाचा पडल्या होत्या. त्या दगडाखालून पाट, पाट संपतो तिथं लसणाचा एक वाफा. एवढंच. मोट नाही, बैल नाही, विहीर नाही. लोक येऊन त्या खाचांत बोटं घालायचे. एक आजोबा बराच वेळ बोट तसंच ठेवून उभे होते.

तुमच्याकडे १०० चौरस फूट आहेत. त्यात अख्खं पेव मावत नाही. पेवाचं तोंड मात्र खऱ्या मापात मावतं.

निवृत्त_कृषिसहायक — १९ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी काही वर्षं तालुका पातळीवरच्या अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून गेलो आहे, त्या अनुभवातून थोडं.

वाळक्या पाल्याला घाबरू नका. हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात, आठ-नऊ महिन्यांत तयार होते, आणि पाला पिवळा पडून वाळणं हीच ती तयार झाल्याची खूण. जानेवारीत हिरवीगार हळद दाखवली तर मी परीक्षक म्हणून उलट विचारेन की ही काढायची राहिली का. तुमचं प्रदर्शन काढणीच्या हंगामात आहे. तो हंगाम जसा आहे तसा मांडा.

रंग हवा असेल तर तोही खोटेपणा न करता मिळतो. हळदीत सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) त्रास कमी व्हावा म्हणून झेंडू लावायची शिफारस आहे, बरेच शेतकरी लावतात. कडेला सावलीसाठी एरंड असतो. सरीच्या बाजूनं मिरची, कोथिंबीर, घेवडा घेतात. म्हणजे हळदीच्या रानातच तुमची सगळी बाग तयार आहे, बाहेरून एकही रोप आणायला नको. बेचाळीसची पाच-सहा होतील.

विलायतेतलं चेल्सीचं बागांचं प्रदर्शन बघा, १९१३ पासून त्याच जागी भरतं. तिथं बाग करणाऱ्यानं आपला हेतू आधी लेखी द्यायचा असतो, आणि परीक्षक त्या कागदाशी बाग ताडून बघतात. सुवर्ण, रौप्य वगैरे पदकं एकमेकांशी तुलना करून नाही तर कसोटीला उतरली की देतात, त्यामुळे एका वर्षी अनेकांना सुवर्ण मिळू शकतं. २०२२ मध्ये तिथली सर्वोत्तम बाग ठरली ती लुलू अर्कहार्ट आणि अ‍ॅडम हंट यांची. बीव्हर नावाचा प्राणी ओढ्यावर बांध घालतो, तो बांध, कुरतडलेल्या फांद्या आणि काठची रानटी झुडपं. याला बाग म्हणायचं का, यावर तिथंही वाद झाला. पण कागदावर जे लिहिलं होतं ते जागेवर दिसत होतं.

म्हणून आजच दोन ओळी लिहून काढा: बघणाऱ्याला काय दिसावं आणि काय वाटावं. नंतर प्रत्येक वस्तू त्या दोन ओळींना विचारून आत घ्या.

कृष्णाकाठची — १९ नोव्हेंबर, दुपारी २.१५

वाचता वाचता बैलगाडी गेली, बाहुल्या गेल्या, वाड्याची भिंतही गेली. लिहून काढलं ते असं: "हळद काढून झालेलं रान. त्यात पेवाचं उघडं तोंड. वाकून बघितलं तर काळोख आणि वास."

चालेल का? आणि झेंडूचा वेळ जमेल का? मला आत्ता कळतंय की आपण नोव्हेंबरच्या मध्यावर आहोत.

रोपवाटिका_कराड — १९ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

जमेल, पण आज-उद्याच हलायला हवं. मखमली झेंडू बी टाकल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलावर येतो, उंच आफ्रिकन झेंडूला त्याहून दोनेक आठवडे जास्त लागतात, आणि थंडीत सगळंच रेंगाळतं. तुमच्या हातात दहा आठवडे आहेत. मखमलीचं बी चालेल. उंच झेंडू रानात लावतात तोच, म्हणून तो हवाच, पण त्याची तयार रोपं घ्या. एकदाच शेंडा खुडा, डिसेंबरच्या मध्यानंतर खुडू नका, नाहीतर फुलं प्रदर्शन उठल्यावर येतील. एक लॉट आठ दिवस उशिरा लावा. थंडी किती पडेल ते कुणाच्या हातात नाही, दोन लॉट असले की एक तरी वेळेवर येतो.

एरंड कुंडीत चांगला येतो. दोन पुरे.

माणदेशी — १९ नोव्हेंबर, रात्री ८.०५

ताई, वाळक्या पाल्याचं आमाला इचारा. आमच्या माणात आठ म्हयनं रान वाळकंच असतंय. हिरवं म्हंजेच देखणं असं आमी धरलं असतं तर डोळं उघडं ठेवायची सोयच नव्हती.

मीबी एकदा असा तुकडा मांडलाय. दगडाची ताल रचली, चुना-शिमिट काय न्हाई, नुसता दगडावर दगड. ताली मागं कुसळी गवत, फुडं एक तरवड. बास. तरवडाची पिवळी फुलं होती तेवढाच रंग. लोक म्हणलं, ह्ये तर आमच्या रानातलंच हाय. म्या म्हणलं, व्हय, म्हणूनच आणलंय.

एकच सांगतो. वाळकं गवत किंवा पाला समोरनं ऊन पडलं की मेल्यागत दिसतो. मागनं ऊन आलं की सोन्यागत पेटतो. तुमचा तुकडा कुणीकडं तोंड करून हाय ते आधी इचारून घ्या, परीक्षक किती वाजता येत्यात तेबी. हळदीचा पाला सूर्व्याच्या आणि माणसाच्या मधी यायला पायजे. मागच्या कापडी पडद्यानं ऊन अडत असंल तर बाजूच्या अंगाला पाला धरा.

हरिपूरकर — २० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

पोरी, मावशीचं गाव म्हणालीस म्हणून हक्कानं लिहितो. मी या पेवांत उतरलेला माणूस आहे.

अर्धं कापलेलं पेव करायचं तू सोडलंस हे बरं केलंस. पेव बाजूनं कुणी पाहिलेलं नाही. ते वरूनच दिसतं, आणि आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून तर ते पेव.

आता नीट ऐक. तोंड लहान, पोट मोठं, आकार रांजणासारखा. आमचं वीसेक फूट खोल होतं. वीट नाही, दगड नाही, नुसती मातीची भिंत. आमच्या हरिपूरची मातीच तशी आहे, ढासळत नाही आणि पाणी झिरपू देत नाही. तळाला आणि कडेनं पाचट घालायचं, हळद भरायची, वर पुन्हा पाचट, मग दगड, मग माती, आणि वरून सारवण. आत हवा खेळत नाही, म्हणून किडा जगत नाही. वर्षानुवर्षं हळद राहायची आणि रंग उतरायचा नाही.

उघडलं की लगेच उतरायचं नाही. तू म्हणतेस सगळे मागे सरले, ते वासामुळे नाही. आतली हवा माणूस मारणारी असते. तोंड उघडं टाकून तासन्‌तास थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. तुझ्या बागेत दुसरं काही ठेवू नकोस, पण दोरीला बांधलेला कंदील तोंडाशेजारी ठेव. हरिपूरचा माणूस तो बघून थांबेल.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेली ती गेली, पेवंही आतून ढासळली. पाणी ओसरल्यावर आमच्या दारात आठ दिवस पिवळा चिखल होता. नंतर लोक गोदामाकडे, शीतगृहाकडे वळले. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. पण पेव कसं भरायचं हे हाताला ठाऊक असलेली माणसं आता थोडी राहिली आहेत. तू हे करते आहेस ते नीट कर.

कृष्णाकाठची — २० नोव्हेंबर, सकाळी ९.००

काका, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. कंदील आमच्या माळ्यावर आहे, काच फुटलेली आहे, बसवून घेते.

मिरजकर — २२ नोव्हेंबर, दुपारी १.१०

थोडं वेगळं. आमच्या मिरजेत सतारीचे भोपळे वाळवताना बघितले की मला नेहमी वाटतं, याची बाग व्हायला हवी. भोपळ्याचा वेल, खाली वाळत घातलेले भोपळे. पुढच्या वर्षी कुणी सोबत येणार असेल तर सांगा. या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

कृष्णाकाठची — १४ डिसेंबर, रात्री ९.४५

कामाची खबर देते, आणि एक अडचण आहे.

तोंडासाठी सिमेंटची रिंग आणली, शोषखड्ड्याला वापरतात तसली, अडीच फूट व्यासाची, दोन फूट उंच. जमीन खणायची नाही, म्हणून रिंग मैदानावर ठेवून भोवती माती चढवणार. विटांचे तुकडे आणि वाळूची पोती खाली, वर काळी माती. पुढून मागे हळूहळू चढत जाईल. घरामागे मांडून बघितलं. चढ इतका उभा झाला की ज्वालामुखी वाटायला लागला.

आणि दुसरं. रिंग आतून काळी रंगवली, तरी वाकून बघितलं की दोन फुटांवर तळ दिसतो. मैत्रीण म्हणाली तळाला आरसा लावू. लावला. वाकलं की स्वतःचंच तोंड दिसतं.

यवतेश्वरची_वाट — १४ डिसेंबर, रात्री १०.२०

आरसा काढाच. चढासाठी: रिंग मध्यभागी ठेवलीत ना? मागच्या कोपऱ्यात सरकवा, डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे पुढच्या कोपऱ्यापासून चढायला तुम्हाला सात-आठ फूट मिळतील, आणि मागची बाजू पडद्याजवळ असल्यानं तिथला उभा उतार कुणाला दिसणार नाही. हळदीच्या सऱ्या त्या कोपऱ्याकडे जाऊ द्या. सरी असली की डोळा आपोआप सरीनं चालतो. परीक्षक बाईंच्या "आधी कुठं बघू" याचं उत्तर त्या सऱ्याच देतील.

पण मागच्या कोपऱ्यात तोंड गेलं तर लोकांना वाकून बघता येणार नाही. आत जायला वाट ठेवावी लागेल. दोन सऱ्यांमधली एक सरी रुंद करा, एका पावलाची.

रोपवाटिका_कराड — १५ डिसेंबर, सकाळी ८.१५

रंग चकाकणारा लावला असेल. ऑइलपेंट कितीही काळा असला तरी उजेड परत फेकतो. आतून काळं गोणपाट किंवा काळं जाड सुती कापड लावा, उजेड गिळून टाकतं. आणि तोंडावर दगड अर्धाच सरकवलेला ठेवा. आत उजेड कमी जाईल, तळ दिसणार नाही.

वासाचं: सुकं हळकुंड नुसतं पडून राहिलं तर फारसा वास देत नाही. तळाला पाचट, त्यावर हळकुंडं, त्यातली मूठभर कांडून मिसळा. रात्री तोंड पूर्ण बंद करा. दिवसा उन्हानं रिंग तापते, आत वास कोंडतो. लोक आले की उघडायचं, गेले की झाकायचं. सतत उघडं ठेवलंत तर तासाभरात काही राहणार नाही.

हरिपूरकर — १५ डिसेंबर, सकाळी ९.३०

नुसती हळकुंडं नको, गड्डेही घाल. जेठा गड्डा म्हणजे मधला मुख्य कंद, बगल गड्डा म्हणजे त्याच्या बाजूचा. वास गड्ड्यात जास्त असतो असा माझा अनुभव.

निवृत्त_कृषिसहायक — १६ डिसेंबर, सायंकाळी ६.००

फलकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नका. हळदीचे औषधी गुण वगैरे अजिबात नको, ते सगळ्यांना माहीत आहेत. पेव म्हणजे काय, कुठं, का, आणि २००५ ला काय झालं. अक्षर हाताएवढ्या अंतरावरून नाही तर दोरीबाहेरून वाचता आलं पाहिजे.

आणि सऱ्या सरळ हव्यात. दोरी लावून पाडा. वाकडी सरी शेतकऱ्याला पहिल्या नजरेत दिसते.

कृष्णाकाठची — २९ जानेवारी, रात्री १०.३०

प्रदर्शन काल संपलं. आज दिवसभर झोपले होते. आता सविस्तर लिहिते.

सगळ्यात अवघड काम निघालं ते वाळका पाला आणण्याचं. तुंगजवळ एका शेतकऱ्यानं त्याच्या रानातली हळद द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही मांडणीच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन गेलो. पहिलाच गड्डा मातीसकट उचलला आणि पानं हातात चुरा झाली. तीन-चार गड्डे असेच गेले. शेतकरी बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "ताई, आता जावा. पहाटं या. दवात पान मऊ पडतंय."

पहाटे साडेचारला आम्ही चौघी पुन्हा तिथं. बॅटरीच्या उजेडात ते रान वेगळंच दिसत होतं. पान हातात घेतलं तर ओल्या कापडासारखं लवत होतं, आदल्या दिवशी पापड होता तेच. तीस गड्डे गोणपाटात बांधले, पानांवरून ओलं गोणपाट टाकलं, सूर्य वर यायच्या आत मैदानावर उतरवलं. एकही पान मोडलं नाही. शेतकऱ्यानं पैसे घेतले नाहीत. प्रदर्शनात माझ्या रानाचं नाव लिहू नका, पण सऱ्या चुकल्या तर मला फोन करा, एवढंच म्हणाला.

तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. माणदेशी दादा, तुकड्याचं तोंड पश्चिमेला होतं आणि परीक्षक सकाळी दहाला येणार होते. मागचा पडदा आम्ही परवानगी काढून चार फुटांपर्यंत खाली घेतला. साडेनऊला पडद्यावरून ऊन आलं आणि पाल्याच्या कडा अक्षरशः पेटल्या. मी फोटो काढायचं विसरले. तुमची आठवण काढली.

उंच झेंडूचा पहिला लॉट थंडीनं मागे पडला, नुसत्या कळ्या होत्या. मखमली मात्र वेळेवर. सरीच्या कडेनं तेवढाच रंग, शेवटी एरंडाची दोन झाडं, मिरचीची सहा. पाहणारे आधी वाळका पाला बघून जरा थबकायचे. मग सरीनं आत यायचे, एका वेळी एक, कारण वाटच तेवढी होती. मी दगड सरकवायचे. माणूस वाकायचा. वर येताना बहुतेकांचा चेहरा बदललेला असायचा. एक बाई वाकल्या त्या उठेचनात, मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, "थांब जरा. आमच्या सासऱ्यांच्या अंगरख्याला असा वास यायचा."

चूक एक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दीत आम्ही दगड झाकायचं विसरलो आणि चार वाजेपर्यंत वास पार उडाला. तेव्हा आलेल्या लोकांनी वाकून नुसता काळोख बघितला. त्यांचं मला वाईट वाटतं.

दुसरा क्रमांक मिळाला. पहिला गेला तो तासगावच्या एका गटानं केलेल्या द्राक्षाच्या मांडवाला. खऱ्या उंचीचा मांडव, खाली छाटलेल्या काड्या पसरलेल्या, आणि आत जायला वाकावंच लागायचं. मी तीनदा जाऊन आले. त्यांचाच हवा होता.

गेल्या वर्षीच्या त्याच परीक्षक बाई यंदाही होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सरीनं चालत गेल्या, वाकल्या, आणि परत येताना एरंडाच्या पानाला हात लावून गेल्या.

माणदेशी — ३० जानेवारी, सकाळी ७.००

फोटू नसला तर नसूं द्या. सांगितलं त्यावरनं दिसलं.

रोपवाटिका_कराड — ३० जानेवारी, सकाळी ८.४०

अभिनंदन ताई. उंच झेंडूचं माझं गणित चार दिवसांनी चुकलं. पुढच्या वर्षी दोनाऐवजी तीन लॉट. दवाची गोष्ट मलाही नवीन. वाळकी ज्वारी, बाजरी आणायची असेल त्यांनीही लिहून ठेवावी.

मिरजकर — ३० जानेवारी, दुपारी १२.१५

मी पहिल्या दिवशी सकाळी आलो होतो, वास होता. भोपळ्याच्या बागेसाठी बोलायचंय. वेल पावसाळ्यात, वाळलेले भोपळे जानेवारीत. वरच्या चर्चेप्रमाणे वाळलेलेच दाखवावेत असं आता वाटतंय.

हरिपूरकर — ३१ जानेवारी, सकाळी ६.१५

पोरी, मी शेवटच्या दिवशी सकाळी नातवाला घेऊन येऊन गेलो. ओळख दिली नाही, तू कामात होतीस. कंदील बघितला. दोरीची गाठ बरोबर मारली होतीस, कुणी शिकवली माहीत नाही.

नातू वाकला आणि आत तोंड घालून त्यानं हाक मारली. मग मला विचारलं, आजोबा, आत किती खोल आहे. मी वीस फूट सांगितलं.

एक चूक राहिली आहे. तोंडाच्या अगदी जवळ झेंडू लावला होतास. पेवाभोवती कधी काही लावत नाहीत. पोती काढायला माणसं उभी राहतात, गाडी उलटी लावावी लागते. पुढच्या वेळी निदान तीन फूट मोकळं ठेव, आणि ती जमीन तुडवलेली दिसू दे.